अभिनंदन, विहीर खारट निघाली!

वसईतल्या पापडीत राहणाऱ्या माणसाला वाचनाची सवय वेगळी लावावी लागत नाही. तलावाच्या बाजूने नाक्याकडे निघालं की डोक्यावर मजकूरच मजकूर. कुणाचा वाढदिवस, कुणाची नियुक्ती, कुणाला कुणाकडून हार्दिक शुभेच्छा, आणि तळाला शुभेच्छुकांची गोल गोल मुंडकी. वसई-विरार महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि निवडणूक वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली. त्या काळात ‘भावी नगरसेवक’ हे पद आमच्याकडे इतकं कायम झालं की त्याला भविष्यनिर्वाह निधी लागू करायलाही हरकत नव्हती.

तेव्हा पोस्टर म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवू नये. पोस्टर म्हणजे फोटो. मोठा फोटो म्हणजे मोठा माणूस, आणि मोठा माणूस असला की काम काय केलं हे विचारायची रीत नाही. विज्ञानाला मात्र ही साधी गोष्ट आजवर कुणी नीट समजावलीच नव्हती. आता आमची महाविद्यालयं ते काम मनावर घेऊन करतायत.

आमच्या इमारतीत एम.एस्सी.ला असलेली एक मुलगी आहे. विषय रसायनशास्त्र. तिने वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या पालथ्या घातल्या, विहिरींचं आणि बावखलांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि प्रयोगशाळेत बसून तपासलं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, हे वसईबाहेरच्यांसाठी सांगतो. वसईतल्यांना सांगायचं ते वेगळं आहे: एकदा बुजवलं की ते परत येत नाही. समुद्राकाठच्या जमिनीतलं गोडं पाणी उपसत राहिलं की त्याची जागा घ्यायला खारं पाणी आत सरकतं. हे इथल्या वाडीवाल्याला पुस्तक न उघडता कळतं. टँकर भरभरून विहिरी उपसल्या जाऊ लागल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध गावोगाव माणसं उभी केली होती. म्हणजे मुलीचा विषय काही फालतू नव्हता. इथे तो दोन पिढ्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

पण विषय जिव्हाळ्याचा असून चालत नाही, त्याचं शीर्षक व्हावं लागतं. ते झालं: ‘अ स्टडी ऑफ फिजिको-केमिकल पॅरामीटर्स ऑफ सिलेक्टेड ग्राउंडवॉटर सॅम्पल्स फ्रॉम वसई तालुका’. हे फिजिको-केमिकल पॅरामीटर्स म्हणजे महाराष्ट्रातल्या रसायनशास्त्र विभागांचं कुलदैवत. ज्या गावात तळं आहे आणि महाविद्यालयही आहे, तिथल्या तळ्याचे फिजिको-केमिकल पॅरामीटर्स निघाले नाहीत असं सहसा होत नाही. त्या तळ्याचं पुढे काय झालं, हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा.

तर या अभ्यासाचं पोस्टर एका परिषदेत मांडायचं ठरलं. परिषद ऑनलाइन, आणि तीही सोशल मीडियावर. एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक फेसबुक पान आणि एक हॅशटॅग. पोस्टर टाकायचं, जगाने ते बघायचं, परीक्षकांनी गुण द्यायचे, आणि सर्वाधिक लाईक मिळवणाऱ्याला वेगळं पारितोषिक. परिषद आंतरराष्ट्रीय होती, कारण बीजभाषण करणारे गृहस्थ काठमांडूहून बोलणार होते.

परिषद ऑनलाइन असेल तर पोस्टर छापायचं कशाला, असा प्रश्न भोळ्या माणसाला पडेल. मलाही पडला. उत्तर माहितीपत्रकाच्या सहाव्या नियमात होतं: पोस्टरशेजारी उभं राहून काढलेला ‘जिओ-टॅग’ फोटो अपलोड करणं अनिवार्य. ज्यांच्या घरात कुणी प्राध्यापक नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, मूल्यांकनात कार्यक्रम झाल्याचा पुरावा म्हणून असे अक्षांश-रेखांशवाले फोटो लागतात. त्यामुळे जीपीएस मॅप कॅमेरा हे ॲप आता प्राध्यापकांच्या मोबाइलमध्ये हजेरीपटाच्या बरोबरीने नांदतं. ऑनलाइन व्याख्यानाचेही असे फोटो निघतात. म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो, कोपऱ्यात नकाशा, खाली अंशात, मिनिटात, सेकंदात पत्ता. वक्ता पुण्यात, श्रोते आपापल्या स्वयंपाकघरात कॅमेरा बंद करून, आणि सरकारदप्तरी नोंद कसली, तर लॅपटॉप कुठल्या टेबलावर ठेवला होता त्याची.

फ्लेक्सवाला ओळखीचा असल्यामुळे मुलीच्या आईने मला तिच्यासोबत धाडलं. दुकानात शिरलो तेव्हा यंत्रातून कुणा साहेबांची षष्ट्यब्दी बाहेर पडत होती. आधी डोकं आलं, मग हार, मग जोडलेले हात. शाईचा तो डोकं धरायला लावणारा वास.

“साइज?”

“ए-झिरो,” ती म्हणाली. “८४१ बाय ११८९ मिलिमीटर.”

“फुटात बोला ताई.”

“तीन बाय चार धर,” मी म्हटलं.

“मॅटर?”

“पेनड्राइव्हवर आहे. पीडीएफ.”

“पीडीएफ नको, ओपन फाईल द्या. कोरलला घेतो. ऐनवेळी फोटो बदलायला लागले तर?”

“फोटो नाहीयेत. आलेख आहेत.”

त्याने यंत्र थांबवलं. बिनफोटोचा फ्लेक्स त्याने आजवर एकाच मजकुराचा छापला असावा, ‘येथे कचरा टाकू नये’.

पण देव दयाळू आहे. तेवढ्यात मार्गदर्शक सरांचा मेसेज आला. वरच्या पट्ट्यात संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, आयक्यूएसी (गुणवत्ता कक्ष) समन्वयक, विभागप्रमुख आणि मार्गदर्शक यांचे फोटो घ्यावेत. सर्व एका आकारात, अध्यक्ष किंचित मोठे. फ्लेक्सवाल्याच्या तोंडावर रंग आला. काम त्याच्या हुकमी प्रांतात आलं होतं.

“गोलात घेऊ की चौकोनात?”

“काहीही.”

“मागे सोनेरी किरण टाकू?”

“किरण नकोत.”

“फ्री आहेत.”

किरण टाळले, पण जागा गेली ती गेलीच. आलेख अर्ध्यावर आला. निष्कर्ष वरून खाली सरकला आणि संस्थेच्या ब्रीदवाक्याच्या शेजारी अंग चोरून बसला. ‘पद्धत’ या भागातला टाइप एवढा बारीक झाला की तो वाचायला सूक्ष्मदर्शक लागावा, आणि सूक्ष्मदर्शक रसायनशास्त्र विभागाकडे नसतो, जीवशास्त्राकडे असतो. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त विचारलं, “माझं नाव कुठे गेलं?” ते होतं, सरांच्या कोपराखाली.

आता हे पोस्टर प्रकरण मुळात निघालं कुठून, तेही सांगून टाकतो, म्हणजे आमची प्रगती लक्षात येईल. १९६९ साली युरोपातल्या जीवरसायन संघटनांच्या महासंघाची सभा माद्रिदला भरली. सांगणारे फार, तास थोडे. तेव्हा काही जणांना म्हटलं गेलं, भाषण करू नका, काम भिंतीला लावा आणि शेजारी उभे राहा. ज्याला विचारायचं असेल तो येईल. १९७४ मध्ये अमेरिकेत मिनिॲपोलिसला हाच प्रयोग झाला आणि मग तो सगळीकडे गेला. म्हणजे पोस्टरची सोयच मुळी विचारणाऱ्यासाठी केलेली. भाषण करणाऱ्याला शेवटची पाच मिनिटं प्रश्नांची असतात, तीही अध्यक्ष ‘वेळेअभावी’ खातात. पोस्टरवाल्याला ही पळवाट नाही. समोर माणूस उभा, मागे भिंत.

आपल्याकडेही हे होतं आणि आहे. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन सुरू झालं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची हजारो मुलं पोस्टरशेजारी उभी राहिली असतील. तिथे चांगला परीक्षक भेटला तर तो विचारतो: नमुने किती घेतले, तुलना कशाशी केली, हा आकडा एकदाच आला की पुन्हा मोजल्यावरही आला? पोरांची फे फे उडते. तीच तर खरी कमाई. भारतीय विज्ञान काँग्रेस १९१४ पासून भरत आली. तिथेही पोस्टरांचे मंडप असायचे. जानेवारी २०१५ मध्ये ती मुंबई विद्यापीठात भरली तेव्हा प्राचीन विमानविद्येवरच्या एका भाषणामुळे वर्तमानपत्रांतून विमानं उडाली आणि पोस्टरं जमिनीवरच राहिली, तो भाग वेगळा. २०२३ ला नागपूरची झाली. २०२४ ची जानेवारी आयोजक संस्था आणि केंद्राचं विज्ञान-तंत्रज्ञान खातं यांच्या भांडणात कोरडी गेली. थोरांच्या भांडणात पोस्टरं गुंडाळलेलीच राहतात.

आणि म्हणून ऑनलाइन पोस्टर परिषदेची मूळ कल्पना मला मनापासून आवडते. इथे तिरकस लिहायचा करार असला तरी हे सरळ लिहितो. इंग्लंडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २०१५ मध्ये ट्विटरवर अशी परिषद सुरू केली. २४ तास, फुकट, प्रवास नाही. पोस्टरचं चित्र टाका, ठरलेला हॅशटॅग लावा आणि जागे राहा, कारण लोक विचारणार आहेत. रसायनशास्त्रज्ञांची एक समितीच नेमलेली, तिचं काम फिरत राहून प्रश्न टाकायचे. सुरुवात विश्लेषणात्मक रसायनशास्त्रापुरती होती, दोनेक वर्षांत सगळं रसायनशास्त्र आत आलं. त्याच २०१५ मध्ये समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासकांनीही ट्विटरवर परिषद भरवली. ज्यांचे पक्षी अर्ध्या जगावरून उडतात त्यांनी एका सभागृहात कोंडून का घ्यायचं, असा त्यात सरळ हिशेब दिसतो. मार्च २०२० मध्ये, जग बंद व्हायच्या थोडं आधी, रसायनवाल्यांची त्या वर्षीची परिषद होऊनही गेली होती. बाकीच्यांना ऑनलाइन जायची अक्कल नंतर नाइलाजाने आली. ट्विटरचं आता एक्स झालं. मालक बदलले, नाव बदललं. कल्पना मात्र खणखणीत होती.

पापडीच्या मुलीला यात काय मिळतं, ते विमानाने परिषदांना जाणाऱ्यांना कळायचं नाही. पोस्टर घेऊन जायचं म्हणजे एक लांब नळी असते. ती घेऊन शेअर रिक्षात बसायचं, वसई रोडला उतरायचं आणि विरारहून भरून आलेल्या सकाळच्या गाडीत चढायचं. नळीसकट चढलेला माणूस नायगावपर्यंत नळीसकट टिकला तर त्याचा तिथेच प्रबंध स्वीकारावा. पुढे दादर, मग रात्रीची गाडी, नोंदणी शुल्क, राहण्याचा खर्च, सोबत कोण येणार हा घरचा प्रश्न, आणि एवढं करून पोस्टरसमोर थांबतं कोण, तर चहाचा स्टॉल कुठे आहे विचारणारा. त्यापेक्षा घरच्या खाटेवर बसून केंब्रिजच्या पोराशेजारी आपलं पोस्टर लागावं आणि कुणीतरी जाणत्याने विचारावं, “हा मोजमापाचा घोटाळा तर नाही?” यापरतं स्वस्त शिक्षण नाही.

आम्ही ही कल्पना उचलली, धुतली, आणि तिच्यातला तेवढा प्रश्न निथळून टाकला.

पदोन्नतीच्या तक्त्याचा यात मोठा वाटा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत परिषदेत निबंध वाचल्याचे गुण ठरलेले आहेत. परदेशातली आंतरराष्ट्रीय परिषद असेल तर ७, देशातली आंतरराष्ट्रीय ५, राष्ट्रीय ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरची २. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सूटकेस घेऊन निघालेला प्राध्यापक होता. खाटेवर बसलेला नव्हता. आता माणूस पापडीत, आयोजक मराठवाड्यात, बीजभाषण काठमांडूत आणि व्हॉट्सॲपचा सर्व्हर देव जाणे कुठे. मग ७ धरायचे की ५? या एका प्रश्नावर स्टाफरूममध्ये जेवढी सखोल चर्चा झाली, तेवढी विहिरींच्या क्षारांवर झाली असती तर वसईचं पाणी लाजून गोड झालं असतं. पोस्टर म्हणजे ‘निबंधवाचन’ होतं का, हा उपप्रश्न मी मुद्दाम काढला नाही. मला त्या रस्त्याने रोज जायचं असतं.

टाळेबंदीत याची रंगीत तालीम झालेली आहे, हेही विसरू नका. २०२० च्या त्या मे-जूनमध्ये प्रत्येक महाविद्यालय वेबिनार नाहीतर प्रश्नमंजूषा घेत होतं. दहा प्रश्न सोडवा, चाळीस टक्के मिळवा, ई-प्रमाणपत्र आपोआप मेलवर. चाळीस टक्के न मिळाल्यास पुन्हा सोडवा. एकेका प्राध्यापकाकडे तेव्हाची इतकी प्रमाणपत्रं आहेत की ती उघडून बघायला टाळेबंदीच लागेल. त्या दोन महिन्यांत महाराष्ट्राला एक गोष्ट पक्की कळली: प्रमाणपत्रासाठी ज्ञान लागत नाही, ई-मेल आयडी लागतो.

फ्लेक्सवाल्याकडून घरी येताना मी मुलीला माइक मॉरिसनची गोष्ट सांगितली. हा तेव्हा अमेरिकेत मिशिगनला मानसशास्त्रात पीएच.डी. करणारा विद्यार्थी. परिषदांमधली ठासून भरलेली पोस्टरं बघून वैतागला आणि २०१९ मध्ये त्याने एक व्हिडिओ केला. म्हणणं एवढंच, की पोस्टरच्या मधोमध मोठ्या अक्षरांत एकच वाक्य लिहा, तुम्हाला काय सापडलं ते, साध्या भाषेत. बाकीचं कडेला. ज्याला सगळं हवं त्याच्यासाठी क्यूआर कोड. जगभर त्यावर भांडणं झाली, काहींनी आकडे वगळून घोषणा देणार का म्हणून नाकं मुरडली, पण पुष्कळांनी पोस्टरं बदलली. मोबाइलच्या पडद्यावर चार फुटांचं पोस्टर चार बोटांचं होतं, तेव्हा तर हा सल्ला जास्तच पटतो. “तुझं ते एक वाक्य काय आहे?” मी विचारलं.

ती लगेच म्हणाली, “किनाऱ्याजवळच्या विहिरी आतल्या विहिरींपेक्षा जास्त खारट आहेत, आणि जिथे बावखल शाबूत आहे तिथे कमी.”

काय सुंदर वाक्य. मराठीत, क्रियापदासकट. चार विहिरींवरून एवढं म्हणता येईल का, हा पुढचा प्रश्न, पण प्रश्न विचारता येईल असं तरी ते होतं. तिने ते सरांना पाठवलं. सरांचं उत्तर आलं की इतकं ठाम लिहू नये, आणि मराठीत तर नाहीच. ‘व्हेरिएशन्स वेअर ऑब्झर्व्हड’ असं लिहावं. बदल आढळून आले. आढळून येणारच, बाटल्या वेगवेगळ्या होत्या.

मराठीवरून सरांना दोष देण्यात अर्थ नाही. आपलं पंचांगच तसं आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी फेटे बांधून मराठी ज्ञानभाषा झाली पाहिजे असं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन, रामन परिणामाचा. त्या दिवशी त्याच सभागृहात इंग्रजी पोस्टरांची स्पर्धा. फेटा तेवढा रात्रीत उतरवलेला असतो. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून सांगते आहे की विज्ञान मराठीत सांगता येतं. येतं हो, पण त्याचे गुण ५ की ७?

परिषदेचा दिवस उजाडला. पोस्टर लागलं. पहिल्या तासात प्रतिसादांचा पूर आला. ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘नाइस वर्क’, ‘अभिनंदन ताई’, ‘काँग्रॅच्युलेशन्स सर’ (हे सरांना), ‘प्राचार्यांच्या नेतृत्वाखाली महाविद्यालयाची घोडदौड’ (हे कोणाचं ते सांगायला नको), जोडलेले हात, टाळ्या, गुलाब, आणखी टाळ्या. मुलीच्या मावशीने कुवेतहून लाल बदाम पाठवला, म्हणजे परिषद खरोखरच आंतरराष्ट्रीय झाली. एका सद्गृहस्थाने ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ टाकल्या. त्याला हसू नका. वरच्या पट्ट्यातली सहा मुंडकी बघून तुम्हीही तेच टाकलं असतं.

या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पोस्टरच्या मधल्या तक्त्यात, एक चमत्कार घडून बसला होता. मुलीच्या फाईलमध्ये एका विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला ९०० मायक्रोसीमेन्स अशी होती. पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज या आकड्यावरून येतो. हा आकडा म्हणजे जरा मचूळ पाणी, पण पाणीच. पीडीएफची ओपन फाईल झाली, कोरलमध्ये गेली, फॉन्ट बदलला आणि ‘मायक्रो’ दाखवणाऱ्या ग्रीक म्यूचा एम झाला. जुन्या सिम्बॉल फॉन्टातला म्यू एमच्याच कळीवर बसलेला असतो. फॉन्ट सुटला की तो मूळ स्वभावावर जातो. मायक्रोचं मिली झालं. हजारपट. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण ५० मिलिसीमेन्स असते. म्हणजे पोस्टरप्रमाणे पापडीजवळच्या एका वाडीतली विहीर अरबी समुद्राच्या अठरापट खारट होती. मीठ विरघळवून विरघळवून पाणी तृप्त झालं तरी त्याला हा आकडा गाठता येत नाही. ही विहीर खरी असती तर रसायनशास्त्राची पुस्तकं नव्याने लिहावी लागली असती आणि मिठागरवाल्यांनी वाडीच्या दारात रांग लावली असती.

परीक्षक तीन होते. तिघांनी पोस्टर पाहिलं. शेरा: ‘उत्कृष्ट मांडणी. रंगसंगती आकर्षक.’

चूक फ्लेक्सवाल्याची नाही. त्याने म्यू कधी पाहिलेला नाही, त्याच्या कामात सगळं कोटीत असतं. चूक मुलीची थोडी आहे, तिने प्रूफ नीट वाचायला हवं होतं. पण प्रूफ वाचायला एकटा माणूस पुरत नाही म्हणूनच तर परिषद भरवतात. शंभर डोळ्यांपुढे काम ठेवायचं ते दोन डोळ्यांना न दिसलेलं दिसावं म्हणून. इथे डोळे शेकड्यांनी होते आणि सगळे पाणावलेले.

एक माणूस मात्र निघाला. ज्यांच्या विहिरीचं पाणी घेतलं होतं ते वाडीवाले मामा. मुलीने आठवणीने त्यांनाही ग्रुपची लिंक पाठवली होती. संध्याकाळी केळीला पाणी सोडून झाल्यावर त्यांनी मोबाइल उघडला असावा. मराठीत, विरामचिन्हांशिवाय, त्यांचा मेसेज आला:

“बाय यात आपली विहीर कुठली पाऊस पडायच्या आधी पाणी भरलेलं की नंतर आणि हे ९०० म्हणजे केळीला चालेल की नाही”

एका दमात तीन प्रश्न. नमुना कुठला, ऋतू कोणता, आणि आकड्याचा उपयोग काय. विद्यापीठात तोंडी परीक्षेला यापेक्षा वेगळं काय विचारतात? पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी एकसारखं नसतं. पावसाचं गोडं पाणी मुरलं की क्षार खाली जातात, मे महिन्यात पुन्हा वर येतात. एकाच ऋतूत बाटली भरून काढलेल्या निष्कर्षाला तिथेच भोक पडतं. आणि मामांचा तिसरा प्रश्न वाचून मुलगी आकडा पुन्हा बघायला गेली, तेव्हा तिला तो एम दिसला. एवढ्या मोठ्या परिषदेत पोस्टरमधली चूक सापडली ती केळीमुळे.

ग्रुपवर काही क्षण शांतता होती. मग ॲडमिन महोदयांचा मेसेज आला: “कृपया ग्रुपवर फक्त परिषदेसंबंधीच मजकूर टाकावा.” आणि त्याखाली ती सुप्रसिद्ध सरकारी ओळ, की ग्रुपचं सेटिंग बदललं असून यापुढे फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील. मुलीचं उत्तर टाइप होत होतं, ते तसंच राहिलं. तिने मामांना फोन केला. म्हणजे परिषदेतली एकमेव शास्त्रीय चर्चा परिषदेबाहेर झाली.

दुसऱ्या दिवशी समारोप. आभारप्रदर्शन पोस्टरांच्या सादरीकरणापेक्षा लांबलं. मुलीला उत्तेजनार्थ मिळालं. सर्वाधिक लाईकचं पारितोषिक ज्या पोस्टरला गेलं त्यात अध्यक्षांच्या मागे सोनेरी किरण होते, तेव्हा आमच्या फ्लेक्सवाल्याचं ऐकलं नाही याची चुटपुट तिच्या आईला लागली आहे. मग सगळ्यांना अभिप्रायाचा फॉर्म आला. प्रमाणपत्र तो भरल्यावरच. कार्यक्रम कसा वाटला याला पर्याय तीन: चांगला, उत्तम, अत्युत्तम. ‘सूचना’ हा रकाना सक्तीचा, म्हणून लोक तिथे एक टिंब टाकतात आणि पुढे जातात. वाडीवाल्या मामांनाही ती लिंक गेली होती. आपल्या प्रश्नाचं उत्तर यात असेल असं समजून त्यांनी फॉर्म भरला, आणि सूचनेच्या रकान्यात लिहिलं, ‘विहिरीचं सांगा’. क्षणात मेल आला. आंतरराष्ट्रीय परिषदेत सक्रिय सहभाग घेतल्याबद्दल त्यांना प्रमाणपत्र प्रदान करण्यात येत होतं. चार सह्या, एक होलोग्रामचं चित्र. त्यांनी ते मला दाखवलं आणि विचारलं, हे ग्रामसेवकाला दाखवायचं असतं का? मी म्हटलं, आता इथे महापालिका आहे.

मुलीने तक्ता दुरुस्त केला. पाऊस ओसरल्यावर त्याच विहिरींतून पुन्हा बाटल्या भरायच्या, बावखल असलेल्या आणि बुजवलेल्या वाड्या वेगळ्या काढायच्या, असं तिने ठरवलं आणि तसं सरांना कळवलं. इतक्या महिन्यांत सरांनी तिला पहिल्यांदा काही विचारलं.

“कुठल्या परिषदेसाठी?”